ओटीचा (ऑपरेशन थिएटरचा) आठवड्यातला ठरावीक वार प्रत्येक सर्जनला बांधून द्यावा, की ज्याचा फोन आधी त्याला वेळ द्यावी?

तालुक्याच्या गावातील ३० खाटांच्या रुग्णालयाचे व्यवस्थापन मी पाहतो. ओटी एकच, आणि पोटाचे, हाडांचे व स्त्रीरोगाचे सर्जन तिघेही बाहेरगावाहून येणारे. फोनवर वेळ देण्याची पद्धत आम्ही बरीच वर्षे चालवली. वार बांधून दिल्याला आता दोन वर्षे झाली.

फोनची पद्धत टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. महिन्याला दोन-चारच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना तीच सोयीची पडते. उलट वार बांधून दिला की गणपतीच्या आठवड्यात एखाद्याची ओटी रिकामी राहते आणि दुसरे सर्जन वेळेसाठी खोळंबतात. आमच्या सिस्टर वार मिळालेल्या डॉक्टरांना 'वारकरी' म्हणतात, त्यात थोडा टोमणाही असतो.

माझे मत फिरले ते भूलतज्ज्ञांवरून. आमच्यासारख्या ठिकाणी ते पगारी नसतात. एका दिवसात तीन-चार रुग्णालयांत भूल देत फिरतात. सर्जन रात्री साडेनऊला फोन करून सकाळी नऊची वेळ घेत, तेव्हा भूलतज्ज्ञ दुसरीकडे शब्द देऊन बसलेले असत. पिशवीच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एक मावशी रात्री बारापासून उपाशी होत्या आणि दुपारी तीनला, कोरड्या पडलेल्या ओठांनी, सिस्टरांकडे घोटभर पाणी मागत होत्या. एरवी हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास गेले तरी पुरते. पण भूल केव्हा मिळणार हेच ठाऊक नसेल, तर ते दोन तास मोजायचे कुठून? त्यांचे ऑपरेशन अखेर दुसऱ्या दिवशी झाले.

वार ठरल्यापासून भूलतज्ज्ञांचा आठवडाही आपोआप लागला. मंगळवार हाडांचा, म्हणून भाड्याचा सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना हाडे दाखवणारे एक्स-रे यंत्र) त्याच दिवशी येतो आणि सिस्टर आदल्या संध्याकाळी हाडांच्या ऑपरेशनच्या हत्यारांचे सेट ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक) करून ठेवतात. रिकाम्या वारावर तोड अशी काढली, की ४८ तास आधी यादी आली नाही तर ती वेळ सर्वांना खुली. तातडीचे सिझेरियन कोणत्याही यादीच्या पुढे जाते, तिथे दोन्ही पद्धती सारख्याच.

मी नोंदवही ठेवून मोजमाप केलेले नाही, पण दुपारपर्यंत उपाशी पडलेला रुग्ण आता क्वचितच दिसतो. तुमच्याकडे पगारी भूलतज्ज्ञ असतील, तर फोनची पद्धत कदाचित निभेलही. वार बांधणार असाल तर मात्र आधी भूलतज्ज्ञांना विचारा आणि मग सर्जनना. आम्ही उलटे केले आणि पहिला तक्ता पंधरा दिवसांतच बदलावा लागला.