झेब्रा कोणाचा? रकाने आखायचे की फुल्यांचा तक्ता?

एका रांगेत पाच घरं. रंग पाच, माणसं पाच देशांची, प्रत्येकाचं पेय, प्राणी आणि सिगारेट वेगळी. पाणी कोण पितो आणि झेब्रा कोणाचा? १७ डिसेंबर १९६२ च्या ‘लाइफ इंटरनॅशनल’मध्ये आलेलं हे कोडं. (आइन्स्टाइनने रचलं असं सर्रास सांगतात, पण त्याला पुरावा नाही.) मांडणीच्या शक्यता २,४८८ कोटींच्या वर, त्यामुळे कागद-पेन्सिल हवीच. कागदावर आखायचं काय, एवढंच ठरवायचं.

फुल्यांच्या तक्त्यात प्रत्येक गटाची (रंग, देश, पेय वगैरे) दुसऱ्या प्रत्येक गटाशी जोडी लावतात; जुळतं तिथे बरोबरची खूण, जुळत नाही तिथे फुली. इथे घराचा क्रमांक धरून सहा गट, म्हणजे १५ चौकटी आणि त्यांत ३७५ चौकोन. आखतानाच हात दुखतो. रकान्यांच्या पद्धतीत पाच घरांचे पाच उभे रकाने आणि पाच आडव्या ओळी. २५ जागा, संपलं.

झेब्र्यासाठी मी डोळे मिटून रकाने निवडेन. कोड्यात दिलेली विधानं घ्या. नॉर्वेचा माणूस पहिल्या घरात, त्याच्या शेजारचं निळं, मधल्या घरात दूध: तीन नोंदी लगेच होतात. हिरवं घर हस्तिदंतीच्या लगेच उजवीकडे, म्हणजे ही जोडी तिसऱ्या जागेच्या अलीकडे येऊच शकत नाही. लाल घर इंग्रजाचं. मग पहिलं पिवळंच. पिवळ्यात कूल सिगारेट आणि कूलवाल्याच्या शेजारी घोडा, म्हणून घोडा दुसऱ्या घरात. आता पहिल्या घरातलं पेय बघा. कॉफी हिरव्या घरात, चहा युक्रेनच्या माणसाचा, दूध मध्ये, संत्र्याचा रस लकी स्ट्राइकवाल्याचा. उरलं पाणी! अर्धं उत्तर हातात आलं, आणि ‘पाणी’ हा शब्द एकाही विधानात नव्हता. हा क्षण मला अजूनही फार आवडतो.

पुढे दुसऱ्या घरात चहा की रस, असा फाटा फुटतो. रस धरून पाहिला तर त्या घरात राहायला पाचांपैकी कुणीच उरत नाही. खोडा, चहा लिहा. ही खोडाखोड २५ जागांत सोपी. तक्त्यात मात्र अंदाजाच्या फुल्या खऱ्या फुल्यांत मिसळल्या की सगळंच बिघडतं.

रकान्यांची खोट एकच: ‘स्पॅनिश माणसाकडे कुत्रा’ हे घर कळेपर्यंत कुठे लिहिणार? समासात. तक्त्यात त्याची बरोबरची खूण लगेच होते आणि त्या चौकटीत आठ फुल्या आपोआप पडतात.

म्हणून आधी सगळी विधानं वाचा. ‘शेजारी’, ‘उजवीकडे’, ‘मधला’ असे शब्द दिसले तर रकाने. तीन मैत्रिणी, तीन नोकऱ्या, तीन गावं, आणि क्रम कशालाच नाही, तर तक्ता. तिथे चौकोन फक्त २७. बँकेच्या परीक्षेतल्या बैठक व्यवस्थेच्या प्रश्नालाही रकानेच, फक्त गोल टेबल असेल तर ते गोलात आखा.

झेब्रा जपानी माणसाचा, पाचव्या घरात. तिथवर स्वतः पोहोचून बघा.