नागली सत्त्वाची पाकिटं: नाशिकच्या बाजारात काय घ्यावं, काय घरी करावं

बाळाला सहा महिने पूर्ण झाले की घरातल्या मोठ्या बायका पहिलं नाव घेतात ते नागली सत्त्वाचं. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी हा नागलीचा पट्टा नाशिकला लागूनच आहे, त्यामुळे शहरात सत्त्वाला तोटा नाही. बचत गटांच्या स्टॉलवर, रविवार कारंजा आणि मेन रोडच्या किराणा दुकानांत, सुक्या मेव्याच्या दुकानांत, कॉलेज रोडच्या मोठ्या दुकानांत चकचकीत डब्यांत, सगळीकडे ते दिसतं. भाव मात्र दुप्पट-तिपटीने बदलतात. काही पाकिटांवर ‘नाचणी’ असं लिहिलेलं असतं, धान्य तेच. इथे कंपन्यांची तुलना केलेली नाही, बाजारात मिळणाऱ्या तीन प्रकारांची केली आहे. पाकिटात यातलं काय भरलंय ते ओळखता आलं की नाव कुठलंही असलं तरी फसगत होत नाही.

मुळात घोळ ‘सत्त्व’ या शब्दाचा आहे. या एका नावाखाली दोन अगदी वेगळे पदार्थ विकले जातात. पहिला म्हणजे चीक काढून केलेलं सत्त्व: नागली भिजवायची किंवा मोड आणायचे, वाटायची, फडक्यातून दूध पिळून घ्यायचं, ते निवलं की वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खालचा थर वाळवायचा. कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तसंच. दुसरा प्रकार म्हणजे मोड आलेली नागली वाळवून, हलकी भाजून, दळून वस्त्रगाळ केलेलं पीठ. बाजारात यालाही सत्त्वच म्हणतात, कधी माल्ट म्हणतात.

चिकाचं सत्त्व दिसायला देखणं, पांढुरकं-गुलाबी, हाताला मऊसूत. पण तो जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. नागलीचं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालीत आणि सालीलगत असतं, ते फडक्यावरच्या चोथ्यात राहतं. थोडी प्रथिनं आणि क्षार ओतून दिलेल्या पाण्याबरोबर जातात. ज्या कॅल्शियमसाठी नागली घ्यायची तेच चोथ्याबरोबर बाहेर. पिठाचा प्रकार रंगाने तपकिरी, किंचित खरखरीत, पण त्यात धान्याचा बराच भाग शिल्लक असतो. अख्ख्या नागलीत १०० ग्रॅममागे साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम १० च्या आसपास. म्हणून बाळासाठी पिठाचा प्रकारच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाकीट फोडल्यावर दोन्हींतला फरक घरीच कळतो. काचेच्या पेल्यात गार पाणी घ्या, एक चमचा सत्त्व ढवळा आणि अर्धा तास ठेवा. चिकाचं असेल तर तळाशी पांढरा घट्ट थर बसतो, चमच्याने खरवडावा लागतो, आणि वरचं पाणी बऱ्यापैकी नितळ होतं. पीठ असेल तर पाणी तांबूस-गढूळ राहतं आणि तळाचा थर सैल, दोन छटांचा दिसतो.

आता शिजवून पाहा, कारण गैरसमज इथेच होतो. चिकाचं सत्त्व दीड मोठा चमचा घेतलं तरी १५० मिली पाण्यात चकाकणारी दाट खीर होते. मोडाचं पीठ तेवढ्याच पाण्यात तीन चमचे घातलं तरी खीर सैलसर राहते. लोक म्हणतात, ‘हे भेसळीचं आहे, घट्टच होत नाही.’ खरं तर मोड आणताना दाण्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं आणि ते स्टार्च तोडून खीर पातळ करतं. हाच मोडांचा खरा फायदा. बाळाचं पोट एवढंसं, वाटी तेवढीच, पण त्या वाटीत बारा ग्रॅमऐवजी चोवीस ग्रॅम धान्य जातं आणि तरीही ते गिळायला सोपं असतं. दाट दिसणाऱ्या चिकाच्या वाटीत अन्न निम्मं असतं. घट्टपणावरून सत्त्व जोखू नये.

तिसरा प्रकार ‘ड्रायफ्रूट सत्त्व’, ‘चॉकलेट नागली’ वगैरे. हा दोन वर्षांखालच्या बाळासाठी घेऊच नका. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. पहिल्या किंवा दुसऱ्या जागी साखर किंवा गूळ असेल तर पाकीट परत ठेवा. पोषणाच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ची ओळ पाहा. १०० ग्रॅमला ४० ग्रॅम असेल, तर २० ग्रॅम सत्त्वाच्या वाटीत ८ ग्रॅम साखर गेली, म्हणजे जवळपास दोन छोटे चमचे. शिवाय साखरेचे पैसे तुम्ही सत्त्वाच्या भावाने मोजता. बदाम-काजूची पूड पाकिटात महिनोन्‌महिने राहिली की खवट होते, आणि वेलचीच्या वासात तो खवटपणा झाकला जातो. दूध पावडर असलेलं सत्त्वही नको, कारण गाईच्या दुधाची किंवा सुक्या मेव्याची ॲलर्जी आहे का हे एकेक पदार्थ वेगळा दिल्याशिवाय कळत नाही.

लेबलवर आणखी तीन गोष्टी बघाव्यात: चौदा आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरण) परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख, आणि ‘मोड आलेली’ हा शब्द घटकांच्या यादीत आहे की नुसता पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत. पाकिटावर गुटगुटीत बाळाचा फोटो असेल तर सावध व्हा. १९९२ चा अर्भक आहाराचा कायदा आणि त्यातली २००३ ची दुरुस्ती यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बाळांच्या आहाराची जाहिरात करता येत नाही आणि त्याच्या वेष्टनावर बाळाचं चित्रही छापता येत नाही. बचत गटाच्या स्टॉलवरून घेताना विकणाऱ्या ताईंना थेट विचारा, ‘चीक काढलाय की मोडाचं दळलंय?’ स्वतः करणाऱ्या बाईला याचं उत्तर लगेच देता येतं. या प्रश्नाचं उत्तर मिळतं म्हणूनच तयार पाकिटांत माझा पहिला कौल बचत गटाच्या साध्या, बिनसाखरेच्या पाकिटाला आहे.

आता पैशांचं. २०२५-२६ साठी नागलीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये आहे, म्हणजे किलोला ४९ च्या घरात. किरकोळीत ६० रुपये धरा. दळणाचे २० आणि गॅसचे १० मिळवले तर ९० रुपयांत साधारण ७५० ग्रॅम वस्त्रगाळ पीठ मिळतं, म्हणजे १०० ग्रॅमला १२ रुपये. २५० ग्रॅमचं पाकीट ११० रुपयांना असेल तर तोच भाव ४४ पडतो. बाळ दिवसाला ४० ग्रॅम खात असेल तर महिन्याला १ किलो २०० ग्रॅम लागतं: घरचं १४४ रुपयांत, पाकिटाचं ५२८ रुपयांत. तुमच्या दुकानातले आकडे घालून हिशेब पुन्हा करा. फरक थोडाफार हलेल, पण उलटा होणार नाही.

घरी करायचं तर पहिल्यांदा अर्धा किलोच घ्या. नागलीची मळणी पुष्कळदा मातीच्या खळ्यावर होते, त्यामुळे बारीक खडे आणि रेती हमखास असते, आणि दाणा मोहरीएवढा असल्याने निवडून ती निघत नाही. आधी सुपात पाखडा, मग रोळून घ्या: पसरट पातेल्यात भरपूर पाणी घालून पातेलं गोल हलवत वरची नागली दुसऱ्या भांड्यात काढत जायची, रेती तळाशी राहते. तीनदा तरी करा. ही पायरी घाईघाईत उरकली तर पुढचं सगळं वाया, कारण खीर दातांखाली कचकचते आणि बाळ तोंड फिरवतं.

मग आठ ते बारा तास भिजवा. उन्हाळ्यात मध्ये एकदा पाणी बदला, नाहीतर आंबूस वास धरतो. निथळून ओल्या सुती फडक्यात सैल बांधा. घट्ट पुरचुंडी केली की आतले दाणे गरम होऊन चिकट होतात. एप्रिल-मेमध्ये एका दिवसात मोड येतात. पौषात नाशिकचं किमान तापमान दहा अंशांखाली उतरतं तेव्हा दोन-अडीच दिवस लागतात, म्हणून पुरचुंडी डब्यात घालून गॅसजवळच्या कोपऱ्यात ठेवा आणि दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. मोड दोन-तीन मिलिमीटरचा झाला की थांबा. लांब गेला की पीठ कडवट होतं. बुळबुळीतपणा, आंबट वास किंवा कापसासारखी पांढरी-करडी बुरशी दिसली तर सगळी नागली टाकून द्या. भाजल्याने बुरशी मरते, तिचं विष जात नाही.

गच्चीत पातळ पसरून, वरून जाळीचं कापड घालून, कडक उन्हात दोन दिवस वाळवा. दाणा दाताखाली टणकन फुटला म्हणजे वाळला. नंतर जाड्याभरड्या कापडावर तळव्याने चोळा आणि पाखडा, म्हणजे वाळलेले मोड आणि मुळं गळून पडतात. भाजणं मंद आचेवर, लोखंडी कढईत, सतत हलवत, फक्त खमंग वास येईपर्यंत. लाह्या फुटू लागल्या म्हणजे जास्त झालं. फार भाजलं की अमायलेज जातं आणि मोड आणण्याची सगळी मेहनत फुकट.

गिरणीत आधी गहू दळलेला असेल तर तो तुमच्या पिठात थोडा येतोच. बाळाने अजून गहू खाल्ला नसेल तर तांदळाच्या दळणानंतर लावायला सांगा आणि सुरुवातीचं मूठभर पीठ वेगळं काढून भाकरीत वापरा. पाव किलोपर्यंत मिक्सरवरही होतं, मात्र थांबून थांबून, कारण भांडं तापलं की पीठ करपट लागतं. गाळताना मैद्याची चाळणी पुरते. सहा-सात महिन्यांच्या बाळासाठी धोतराच्या जुन्या कापडातून गाळा, पण आठ-नऊ महिन्यांनंतर नुसत्या चाळणीवर या. कोंडा जितका कमी काढाल तितकं कॅल्शियम पदरात पडेल. उरलेला कोंडा थालीपिठात खपतो.

खीर करताना तीन सपाट मोठे चमचे पीठ १५० मिली गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. अगदी मंद आचेवर ठेवून पाच-सहा मिनिटं ढवळत हळूहळू तापवा आणि मगच उकळी येऊ द्या. उकळत्या पाण्यात पीठ टाकलं तर गुठळ्या होतातच, शिवाय अमायलेजला काम करायला वेळच मिळत नाही. उकळीनंतर आणखी तीन-चार मिनिटं शिजवा. उतरवल्यावर एक छोटा चमचा तूप घाला. तेवढ्याने सुमारे ४५ किलोकॅलरी वाढतात, जवळपास निम्म्या वाटीइतक्या. वर्षाच्या आत साखर, गूळ, मीठ नको, आणि मध तर अजिबात नको, त्यातून बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. गोडीसाठी कुस्करलेलं केळं किंवा चिकू पुरतं. खीर चमच्यावरून पाण्यासारखी ओघळू नये. बाटलीत भरता यावी म्हणून पातळ करण्याची पद्धत वाईट, बाटली बंद आणि वाटी-चमचा बरा. सहाव्या महिन्यानंतर दोन-तीन मोठ्या चमच्यांपासून सुरुवात करून आठव्या महिन्यापर्यंत २५० मिलीच्या वाटीची अर्धी वाटी, असं वाढवत न्या. स्तनपान चालूच ठेवायचं.

‘नागलीने रक्त भरतं’ असं दुकानदारही सांगतात आणि पाकिटंही. अर्धंच खरं आहे. तिच्यात लोह आहे, पण फायटेट नावाच्या घटकामुळे त्यातलं थोडंच अंगी लागतं. मोड आणल्याने फायटेट कमी होतं, संपत नाही. म्हणून त्याच जेवणात पपई, संत्रं किंवा लिंबाचे चार थेंब असावेत. प्रथिनंही नागलीत फार नाहीत, १०० ग्रॅमला सातच्या आसपास. तीन भाग नागलीला एक भाग मुगाची डाळ (धुऊन, वाळवून, भाजून) दळणात मिसळली की ही कमतरता बरीच भरून निघते, आणि पाकिटातल्या बदामाच्या चिमटीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते. दिवसभर सत्त्वच देत राहू नये. वरण-भात, भाज्या, चालत असेल त्या घरी अंडं हेही हवंच. काही बाळांना सुरुवातीला शी घट्ट होते, तेव्हा प्रमाण निम्मं करून चार दिवसांनी वाढवा.

तयार पाकीट कधी घ्यावं? आषाढ-श्रावणात, प्रवासात, किंवा घरात धुणं-वाळवणं करायला माणूसच नसेल तेव्हा. पाव किलोचंच घ्या. पीठ उघडल्यावर तीन-चार आठवड्यांत संपवावं, नाहीतर पोरकिडे होतात.

पावसाळ्याची दुसरी सोय अशी: नागली नवी येते तेव्हा, दिवाळीनंतर पौषापर्यंत, वर्षभराची भरून ठेवा. कोरडी ठेवली तर या धान्याला कीड सहसा लागत नाही. मेच्या उन्हात दोन-तीन किलोला मोड आणून, वाळवून, चोळून ते दाणे न दळताच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पाव किलो काढून कढईत गरम करून घ्या, गार झाले की मिक्सरला लावा. दळलेल्या पिठापेक्षा मोडाचे अख्खे दाणे दमट हवेत कितीतरी जास्त टिकतात.