फोल्डरची यादी एक्सेलमध्ये: 'फ्रॉम फोल्डर'ची पारख

स्कॅन केलेले सातबारे, सोसायटीच्या पावत्या, जुनी बिलं. एका फोल्डरात हजारभर फाइली साचल्या की कोणीतरी विचारतंच, "यात काय काय आहे, त्याची यादी द्या." विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये यादी दिसते, पण ती बाहेर काढायचं सरळ बटण नाही. एक्सेलमध्ये ती सोय, 'फ्रॉम फोल्डर', २०१६ पासून आतच आहे (२०१० आणि २०१३ साठी पॉवर क्वेरी हे मोफत ॲड-इन, म्हणजे वेगळं बसवायचं पूरक साधन, होतं). तरीही नावं हाताने टाइप करणारे भेटतातच.

वाट अशी: 'डेटा', मग 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर'. फोल्डर निवडला की झलक दिसते आणि खाली बटणं येतात. त्यातल्या 'कंबाइन'ला हात लावू नका. ते यादी करत नाही, फाइलींच्या पोटातला मजकूर एकाखाली एक जोडायला बघतं. बहुतेकांची गाडी इथेच अडते. 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा.

आता नाव, एक्स्टेन्शन, तीन तारखा आणि फोल्डर पाथ असे रकाने समोर येतात. फाइलीचा आकार मात्र दिसत नाही. तो 'ॲट्रिब्यूट्स' रकान्यात दडलेला असतो: मथळ्याशेजारच्या दोन बाणांवर क्लिक करून 'साइझ' आणि 'हिडन' एवढ्यावरच टिक ठेवा. आकार बाइटमध्ये येतो; एमबी हवे असतील तर १०,४८,५७६ ने भागा. (गंमत म्हणजे एक्सेलच्या एका शीटमध्ये ओळीही तेवढ्याच मावतात.) 'हिडन'मध्ये फक्त 'फॉल्स' ठेवलं की 'थंब्स डॉट डीबी' (विंडोजने झलकांसाठी ठेवलेली लपलेली फाइल) आणि उघड्या फाइलींची ~$ ने सुरू होणारी तात्पुरती पिल्लं गळून जातात. 'कंटेंट' रकाना काढून टाका आणि 'क्लोज अँड लोड' करा.

पोटफोल्डरांतल्या फाइलीही यादीत येतात, विचारत नाही. फक्त वरच्या पातळीच्या हव्या असतील तर 'फोल्डर पाथ'वर फिल्टर लावा, किंवा पहिल्या ('सोर्स') पायरीच्या फॉर्म्युल्यात Folder.Files मधल्या 'फाइल्स'च्या जागी 'कंटेंट्स' करा. मग पोटफोल्डर स्वतःच एकेक ओळ म्हणून दिसतात. रिकामे फोल्डर मूळ पद्धतीत दिसतच नाहीत, कारण ती यादी फाइलींची असते.

तारखांपैकी 'मॉडिफाइड' धरून चाला. फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी केली की 'क्रिएटेड' त्या दिवसाची होते, त्यामुळे २०१५ चा कागद कालचा वाटतो. 'ॲक्सेस्ड'वर विसंबूच नका.

मराठी नावांच्या बाबतीत ही पद्धत उजवी ठरते. कमांड प्रॉम्प्टवरून यादी टेक्स्ट फाइलीत ओतली की देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येऊ शकते. पॉवरशेल या विंडोजसोबत येणाऱ्या दुसऱ्या कमांड-साधनाच्या ५.१ आवृत्तीतही सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल) काढताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ असं सांगितलं नाही, तर तेच होतं. 'कॉपी ॲज पाथ'मध्ये नावं शाबूत राहतात आणि एकदाच्या कामाला ते पुरतंही: सगळ्या फाइली निवडा, शिफ्ट दाबून राइट क्लिक करा, एक्सेलमध्ये पेस्ट करा आणि अवतरणचिन्हं 'रिप्लेस'ने उडवा. पण त्यात ना आकार येतो, ना तारीख.

'फ्रॉम फोल्डर'चा खरा फायदा दुसऱ्या दिवशी कळतो. नव्या फाइली आल्या की 'रिफ्रेश ऑल', यादी ताजी. आणि याच सोयीत सगळ्यात वाईट खड्डाही आहे. तक्त्याशेजारच्या रकान्यात 'तपासलं', 'सही बाकी' असे शेरे लिहिलेत, तर रिफ्रेशनंतर ओळी सरकतात, शेरे सरकत नाहीत. एकाचा शेरा दुसऱ्याच्या नावावर जातो आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. शेरे वेगळ्या शीटवर पूर्ण पाथसमोर ठेवा आणि 'एक्सलुकअप' या पाथ जुळवून समोरचा मजकूर आणणाऱ्या फंक्शनने खेचा (२०१६ आणि २०१९ मध्ये ते नाही, तिथे 'व्हीलुकअप' वापरा).

क्रमाचंही ध्यानात ठेवा. एक्सप्लोरर १, २, १० असं लावतो. एक्सेल नावाला मजकूर समजून १, १०, २ लावतं. नावं ठेवतानाच ००१, ००२ असं केलं की प्रश्न मिटतो. फोल्डर हलवला तर रिफ्रेश चूक दाखवतं. 'डेटा सोर्स सेटिंग्ज'मध्ये 'चेंज सोर्स' करून नवा पाथ द्या, क्वेरी (वरच्या सगळ्या पायऱ्यांची साठवलेली मांडणी) पुन्हा बांधायची गरज नाही.

पीडीएफची पानं, फोटो काढल्याची तारीख, व्हिडिओची लांबी यातलं काहीही मिळणार नाही, त्यासाठी वेगळं साधन शोधावं लागेल. यादी बाहेर पाठवण्याआधी 'फोल्डर पाथ' रकाना एकदा वाचा: फोल्डर डेस्कटॉपवर असेल तर प्रत्येक ओळीत कॉम्प्युटरवरचं तुमचं यूजरनेम असतं.