तुकडा बदलायचा की अख्खी लाईन? जुन्या जीआय पाइपांचा हिशेब

इमारत नव्वदच्या दशकातली किंवा त्याआधीची असेल आणि बाथरूम अजून पहिलंच असेल, तर भिंतीत जीआय (जस्ताचा थर दिलेले लोखंडी) पाइप आहेत असं धरून चालायला हरकत नाही. अशा घरात गळती निघाली की एक प्लंबर म्हणतो, ‘तेवढा तुकडा बदलतो’. दुसरा म्हणतो, ‘साहेब, अख्खी लाईन काढा’. दोघांत कोणी लबाड असतोच असं नाही. आमच्याकडे शेवटी अख्खी लाईन बदलली, त्यामुळे माझं माप तिकडे थोडं झुकलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण तुकड्याचीही बाजू आहे, आणि काही घरांत तीच बरोबर आहे.

आधी गळती कुठली ते ठरवा

ओल दिसली की लगेच पाण्याच्या लाईनवर आळ घेऊ नका. नहाणी ट्रॅप (फरशीतलं सांडपाणी जाण्याचं तोंड), कमोडचा जोड, टाइलांच्या फटी यांतूनही तशीच ओल येते, आणि मग पाइप बदलूनही खालच्या मजल्याचं छत ठिबकतच राहतं. पाण्याच्या लाईनमध्ये चोवीस तास दाब असतो, म्हणून घर बंद असलं तरी तिची ओल वाढत राहते. सांडपाण्याची ओल वापराबरोबर कमीजास्त होते. मात्र बाथरूमच्या कोब्यात (फरशीखालच्या भरावात) पाणी मुरलेलं असतं, त्यामुळे वापर थांबवला की दुसऱ्या दिवशी निकाल लागेल अशी अपेक्षा ठेवू नका. चार-पाच दिवस तरी द्या.

लाईनची खात्री करण्याचा सोपा मार्ग: रात्री सगळे नळ बंद, फ्लशच्या टाकीचा अँगल कॉकही (भिंतीजवळचा छोटा व्हॉल्व्ह) बंद, आणि मीटर असेल तर काटा बघा. फ्लॅटला स्वतंत्र मीटर नसेल तर आत येणारा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून ओल थांबते का बघायचं. इथे एक मेख आहे. जुने गेट व्हॉल्व्ह फिरतात पण पूर्ण बसत नाहीत. व्हॉल्व्ह बंद केल्यावर एक नळ उघडा ठेवून धार खरंच तुटते का ते पाहा, नाहीतर चाचणीला अर्थ नाही. ओलीचा डाग गिझर वापरल्यावर हाताला कोमट लागत असेल तर गरम पाण्याची लाईन गेली आहे. जुन्या घरांत बहुतेकदा तीच आधी जाते.

कापलेला तुकडा हातात घेऊन बघा

निर्णयासाठी मला सर्वांत भरवशाची वाटते ती एकच गोष्ट: प्लंबरने काढलेला तुकडा. तो भंगारात जाण्याआधी मागून घ्या.

अर्ध्या इंचाच्या मध्यम वजनाच्या (निळ्या पट्ट्याच्या) जीआय पाइपची जाडी नवा असताना २.६ मिमी असते, हलक्या पिवळ्या पट्ट्याच्या पाइपची २ मिमी, तर लाल पट्ट्याच्या ‘सी क्लास’ची ३.२ मिमी. अर्ध्या इंचाचा आटा (जोडासाठी पाइपाच्या टोकाला पाडलेला पेच) सुमारे १.१६ मिमी खोल असतो. म्हणजे आटे पाडल्याबरोबर मध्यम पाइपात जोडापाशी उरतं जेमतेम १.४ मिमी लोखंड, हलक्यात तर १ मिमीही नाही. शिवाय डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवताना तिथला जस्ताचा थर निघून गेलेला असतो. म्हणून पाइप जातो तो मधे क्वचित, आट्यापाशीच जास्त. ‘मधला पाइप ठणठणीत आहे’ हे प्लंबरचं वाक्य खरं असलं तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

तुकड्याच्या तोंडातून आत बघा. आतून करडा रंग, वर तांबूस पातळ थर, भोक गोल आणि मोकळं असेल तर लाईनमध्ये अजून जीव आहे. आत तपकिरी-काळ्या गाठी असतील, स्क्रूड्रायव्हरने खरवडल्यावर पापुद्रे पडत असतील आणि भोकातून पेन्सिल जेमतेम जात असेल, तर बाकीची लाईनही तशीच आहे. तेच पाणी तितकीच वर्षं तिच्यातूनही गेलं आहे. बोअरवेलचं जड पाणी असेल तर गंजावर क्षाराचा पांढरा थरही दिसेल.

तुकडा मिळाला नसेल तर बादलीवर काम भागवा. टाकीजवळच्या नळाखाली १० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो आणि लाईनच्या टोकाच्या नळाखाली किती, हे मोजा. एका वेळी एकच नळ उघडायचा. टोकाला दुप्पट-तिप्पट वेळ लागत असेल, आणि नळाची जाळी साफ करूनही फरक पडत नसेल, तर पाइप आतून भरला आहे. सकाळच्या पहिल्या तांब्यात लालसर पाणी येऊन मग स्वच्छ होणं हीदेखील त्याचीच खूण.

तुकड्याची बाजू

गळतीला स्पष्ट, एकमेव कारण असेल तर तुकडाच बदला. गिझर टांगताना ड्रिल पाइपात घुसलं, नवा नळ बसवताना पान्ह्याच्या जोराने मागचा निपल (आटे असलेला आखूड तुकडा) हलला, दिसणाऱ्या जोडाच्या आट्यावर गुंडाळलेलं सूत-सफेदा वाळून गेलं, अशा गळतीत पाइपाचा दोष नसतो. काम एका दिवसाचं, दोन-तीन टाइलांचं नुकसान, विषय संपला.

हे करतानाही जागा लागते. भिंतीतल्या जीआयला जागेवर आटे पाडायचे तर डायचा दांडा फिरायला दीड-दोन फूट भिंत उघडावी लागते. म्हणून शहाणा प्लंबर कापाकापी न करता जवळच्या जोडापर्यंत पाइप काढतो आणि जुन्या सॉकेटमध्ये ब्रासच्या आट्याचा सीपीव्हीसी (गरम पाण्याला चालणारं प्लास्टिक) अ‍ॅडॅप्टर बसवतो. प्लास्टिकच्या आट्याचा अ‍ॅडॅप्टर लोखंडावर आवळू देऊ नका. आज गळला नाही तरी पुढे चिरतो. आणि भिंतीत युनियन (पाइप न फिरवता खोलता येणारा जोड) गाडू देऊ नका. युनियन हाताला लागेल अशाच जागी हवा. एम-सीलचं लिंपण किंवा रबर-क्लॅम्प हे प्लंबर येईपर्यंतचं काम.

माझं मत जिथे फिरलं

पाइप जुना असेल तर तुकडा बदलण्याचा खरा त्रास गळतीच्या जागी नसतो, तो घरभर पसरतो. दुरुस्तीसाठी लाईन रिकामी होते. आतला गंज हवेत वाळतो. पान्ह्याचे हिसके आणि हातोड्याचे ठोके पाइपभर जातात. मग कोणीतरी व्हॉल्व्ह एकदम उघडतो आणि सुटलेले पापुद्रे पाण्याच्या लोंढ्याबरोबर निघतात, ते जिथे वाट अरुंद तिथे जाऊन बसतात: हेल्थ फॉसेट, वॉशिंग मशीनच्या नळीची जाळी, अँगल कॉक, शॉवरची छिद्रं. फ्लशच्या टाकीच्या फ्लोट व्हॉल्व्हमध्ये एक कण अडकला की टाकी रात्रंदिवस झिरपते, आणि ते पाणी कमोडमधून गुपचूप निघून जात असल्यामुळे कोणाच्या लक्षातही येत नाही.

पूर्वीच्या वायसरच्या नळांना हे चालून जायचं. कचरा रबरात रुतायचा, दोन रुपयांचा वायसर बदलला की झालं. आताच्या पाव फेऱ्याच्या नळांत आणि डायव्हर्टरमध्ये सिरॅमिक चकत्या असतात. त्यांच्यामध्ये गंजाचा कण आला की चरे पडतात आणि नळ कायमचा टिपकायला लागतो. मग अख्खं कार्ट्रिज बदलावं लागतं. जुन्या जीआयवर महागडे नवे नळ बसवणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

त्यात पान्ह्याचा जोर पुढच्या जोडावर पोचलेला असतोच. जीर्ण धोतराला ठिगळ लावावं आणि शिवणीशेजारी फाटावं, तशी पुढची गळती बहुधा आधीच्या दुरुस्तीपासून हातभर अंतरावरच निघते. मोजदाद करून सांगत नाही, पण हा क्रम पाहिला आहे त्यावरून म्हणतो: कारणाशिवायची पहिली गळती दुरुस्त करावी, दुसरी निघाली की लाईनचाच विचार करावा.

तुकडाच बदलणार असाल तर पाणी सोडण्याआधी सगळ्या अँगल कॉकच्या पुढच्या नळ्या सोडा, नळांच्या जाळ्या काढा, गिझरकडे जाणारा कॉक बंद ठेवा. मग मुख्य व्हॉल्व्ह अगदी हळू उघडून बाथरूमच्या सर्वांत मोठ्या नळातून पाणी स्वच्छ होईपर्यंत बादलीत जाऊ द्या. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय होत नाही.

बदलायचीच तर

साहित्याबद्दल फार बोलत नाही. गरम-थंड दोन्हीला सीपीव्हीसी घरासाठी सोयीचं. पांढरं यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. पीपीआर (दुसरं एक प्लास्टिक) चांगलं, पण त्याचा जोड मशीनने तापवून करावा लागतो आणि पुढे दुरुस्तीला तसं मशीनवालं माणूस शोधावं लागतं.

जास्त महत्त्वाचं आहे माप. अर्धा इंच जीआयच्या जागी अर्धा इंच सीपीव्हीसी टाकलं की लोक म्हणतात प्लास्टिकमध्ये प्रेशर येत नाही. कारण साधं आहे: मध्यम जीआयचं आतलं भोक १६ मिमी, तर एसडीआर ११ (पाइपाच्या जाडीचा एक वर्ग) च्या अर्ध्या इंची सीपीव्हीसीचं सुमारे १२.४ मिमी. म्हणजे वाट जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी. मुख्य लाईन पाऊण इंचाची (आतून साधारण १८ मिमी) ठेवा आणि फक्त शेवटच्या नळाकडे जाताना अर्धा इंच करा. वरच्या मजल्यावर, जिथे टाकीची उंचीच जेमतेम असते, तिथे हे चुकवून चालत नाही.

आता भिंतीत की उघड्यावर? भिंतीतून नेली की दिसायला छान, पण झिरी मारताना डॅडोच्या (भिंतीवरच्या) टाइल्स जातात, तशाच मिळत नाहीत, मग सगळ्याच बदलाव्या लागतात. पाइपापेक्षा हा खर्च मोठा. राहत्या घरात मला बरा वाटतो तो दुसरा मार्ग. जुन्या जीआयला दोन्ही टोकांना डमी (बंद करणारं बूच) मारून ती भिंतीतच पडू द्यायची, आणि नवी लाईन दाराच्या वरून क्लॅम्पवर आडवी फिरवून नळांपाशी उभी खाली उतरवायची. सुंदर दिसत नाही, मान्य. पण पुढे थेंब जरी आला तरी डोळ्यांना दिसतो आणि भिंत फोडावी लागत नाही. गरम पाण्याच्या लाईनला क्लॅम्प घट्ट आवळू नका; ३ मीटर पाइप ४० अंशांनी तापला तर सुमारे ८ मिमी लांबतो, त्याला सरकायला जागा हवी. गिझरला थेट सीपीव्हीसी न जोडता मधे धातूची लवचीक नळी घ्या. लाईन बाहेरच्या भिंतीवरून जात असेल तर उन्हापासून बचाव म्हणून पाण्यातला अ‍ॅक्रिलिक रंग मारा.

जोडांवर लक्ष ठेवा. पाइप सरळ कापून कडेची बुर काढलेली हवी, सॉल्व्हंट सिमेंट पाइपाच्या टोकावर भरपूर आणि सारखं, फिटिंगच्या आत पातळ, मग पाव फेरा देऊन पूर्ण आत ढकलून थोडा वेळ धरून ठेवायचं. घट्ट झालेलं सिमेंट पातळ करून वापरायचं नाही. ब्रासच्या आट्यावर फक्त टेफ्लॉन टेप, सफेदा नको. त्यातलं तेल सीपीव्हीसीला मानवत नाही. एक दिवस थांबून हाताच्या टेस्ट पंपाने ६-७ किलोचा (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तितका) दाब द्या. १० मीटर उंचीचं पाणी म्हणजे १ किलो, तेव्हा चार मजली इमारतीसाठी हा दाब भरपूर झाला. काटा काही तास जागचा हलला नाही तरच पुढचं काम. कॉम्प्रेसरच्या हवेने टेस्ट करू देऊ नका, प्लास्टिक फुटून तुकडे उडतात.

आणि एक गोष्ट, जी प्लंबरच्या कामात येत नाही: जुन्या वायरिंगमध्ये कधीकधी गिझरचं अर्थिंग पाण्याच्या लोखंडी पाइपाला दिलेलं असतं. पाइप प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग गेलं. नवी लाईन चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

कोणी बदलू नये, कोणी थांबू नये

इमारत पुनर्विकासाला जाणार हे नक्की असेल किंवा घर भाड्याचं असेल, तर तुकड्यावर भागवा. डक्टमधली उभी लाईन अजून जीआयच असेल तर घरातली बदलूनही गंज वरून येत राहील. आत शिरताना एक वाय-स्ट्रेनर (लाईनमध्ये बसणारी गाळणी) बसवा. बाहेरच्या पाण्याच्या लाईनींची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीच्या खर्चाने होते, तेव्हा तो विषय सभेत मांडायला हरकत नाही.

एका बाबतीत मात्र तुकड्याचा विचारही करू नये. नगरपालिकेच्या जोडणीपासून जमिनीखालच्या टाकीपर्यंतची लाईन दिवसातले काही तासच भरलेली असते. तिला भोक असेल तर पाणी गेल्यावर ती बाहेरचं पाणी आत ओढते, शेजारी गटार असेल तर गटाराचं. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ किंवा वास येणारं पाणी येत असेल तर ते पिणं बंद करा, पालिकेच्या पाणी खात्यात तक्रार नोंदवा, आणि आपल्या हद्दीतला तेवढा पाइप पूर्ण बदला, गटारापासून लांबून आणि शक्यतो त्याच्यापेक्षा वरून नेऊन.