अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर खातं बंद झालं

देवगडला आमची आंब्याची साठेक कलमं आहेत. दलालाला न देता चार वर्षं मी समाजमाध्यमावरच्या खात्यावरून पेट्या थेट विकते. 2024 च्या मे महिन्यात अक्षय्य तृतीया दोन दिवसांवर आली आणि सकाळी खातं उघडेना. 'संशयास्पद हालचालीमुळे बंद', एवढाच मजकूर. ऑर्डरी, पत्ते, कोणी किती आगाऊ दिले, सगळं त्या खात्यावरच्या मेसेजमध्ये. इकडे आढीतला आंबा पिकत चाललेला.

घाबरून मी कंपनीचा कस्टमर केअर नंबर इंटरनेटवर शोधला आणि पहिला दिसला तो लावला. "ताई, दहा मिनिटांत उघडून देतो." मराठी साफ, बोलणं मऊ. त्याने एक ॲप घ्यायला लावलं, मग पडताळणीचे 5 रुपये कार्डाने भरा म्हणाला. त्या ॲपमुळे माझा स्क्रीन त्याला दिसत होता. ओटीपी मी सांगितला नाही, त्याने वाचला. दोन खेपांत 42,500 रुपये गेले. तोडणीवाल्यांच्या मजुरीचे होते ते.

पुतण्याने तिथल्या तिथे 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला म्हणून 18,000 पुढच्या खात्यात अडले. हे चोर पैसा मिनिटामिनिटाला पुढे सरकवतात. लाजेने गप्प राहू नका, आधी फोन करा.

खात्यासाठी खरी वाट वेगळीच होती. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क स्वतःच्या संकेतस्थळावर द्यावाच लागतो. तेव्हा 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निकाल अशी मुदत होती. निकाल पटला नाही तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. मी बंद झाल्याच्या मजकुराचा फोटो आणि जाहिरातींच्या पावत्या जोडून त्या अधिकाऱ्याला तक्रार पाठवली. पैसे भरून घेतलेल्या सेवेबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्याच जिल्ह्यात अर्ज करता येतो, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर!

खातं जूनमध्ये उघडलं, पाऊस लागल्यावर. पहिलाच मेसेज पुण्याच्या एका आजींचा, 9 मेचा: "पैसे पाठवलेत, पेटी कधी निघेल?" त्या रात्रीच त्यांना फोन केला आणि पैसे परत पाठवले.