आठ महिने नॅस वापरल्यानंतर: मधूनच गायब होणारा झेड ड्राइव्ह

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या सीए ऑफिसात मार्चमध्ये दोन डिस्कचा नॅस बसवला, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली देणारा डबा. ४ टीबीच्या दोन डिस्क, एकीवरचं सगळं दुसरीवर जसंच्या तसं. नऊ कॉम्प्युटरवर तो झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेला आहे आणि टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) डेटा, क्लायंटचे फोल्डर, रिटर्नच्या पीडीएफ सगळं त्यावरच असतं. कॉम्प्युटरचं काम माझ्याकडे, त्यामुळे बोलणीही माझ्याकडेच येतात.

पहिले तीन आठवडे झकास गेले. मग एका सकाळी हाक आली, "भाऊ, झेड ड्राइव्ह गेला न!" पाहतो तर ८००७००३५ वाला एरर, नेटवर्कचा मार्ग सापडत नाही म्हणून. शेजारच्या टेबलावर मात्र तोच फोल्डर मजेत उघडत होता. नॅस बंद करून चालू केला की सगळ्यांचं सुरू व्हायचं. चार दिवस शांत, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. एकदा तर एन्ट्री चालू असतानाच तुटलं आणि एका क्लायंटचा टॅली डेटा रिपेअर करावा लागला. त्या दिवशी मी रात्री साडेनऊपर्यंत ऑफिसात होतो.

सर्व्हिसवाल्यांनी केबल बदलायला सांगितलं. बदलली. मग सगळ्या केबल जोडणारा नेटवर्क स्विच बदलायला सांगितला, तोही बदलला. मे उजाडला तसा मला उष्णतेचा संशय आला. नॅस माळ्यावर होता आणि डिस्कचं तापमान ५४ अंश दाखवत होतं. खाली आणून सरांच्या एसी केबिनमध्ये ठेवला, ४१ वर आलं. हे करायलाच हवं होतं. नागपूरच्या उन्हाळ्यात माळ्यावर डिस्क ठेवू नका, आणि कूलरच्या दमट हवेसमोर तर मुळीच नको. पण एरर काही गेला नाही.

मला सगळ्यात जास्त फसवलं ते पिंगने, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का ते पाहणाऱ्या हाकेने. एरर येत असतानाही पिंगला उत्तर यायचं, म्हणून मी सर्व्हर जिवंत आहे असं धरून पासवर्ड आणि परमिशन तपासत बसायचो. जूनमध्ये एकदा पिंगऐवजी ४४५ नंबरचा पोर्ट (यंत्रातलं ठरावीक कामाचं दार) तपासला. फाइल शेअरिंग त्याच पोर्टवरून चालतं, आणि तो बंद! मग चालू असलेल्या आणि बंद पडलेल्या, अशा दोन्ही कॉम्प्युटरवर एआरपी टेबल (कोणता नेटवर्क पत्ता कोणत्या यंत्राचा, याची यादी) काढून शेजारी शेजारी ठेवलं. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, एकच, १९२.१६८.१.२०, पण त्यापुढचा मॅक पत्ता, म्हणजे यंत्राची स्वतःची ओळख, दोन्हीकडे वेगळा. एक नॅसचा होता. दुसरा शोधत गेलो तर आमच्या एका आर्टिकलवाल्या (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या) मुलाच्या फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये सापडला.

रात्री आम्ही ऑफिसचा मेन स्विच पाडून जातो. सकाळी राउटर मिनिटभरात उठतो, नॅसला चार मिनिटं लागतात. राउटर २ पासून २५४ पर्यंतचे पत्ते वाटत होता आणि बंद झाल्यावर आदल्या दिवशीचं वाटप विसरत होता. नॅसला २० नंबर मी हाताने दिलेला, राउटरला त्याची खबरच नाही. तेवढ्या वेळात एखाद्या फोनला २० मिळाला की एकाच घरनंबरावर दोन घरं. पिंगला उत्तर देत होता तो फोन. रीस्टार्टने बरं का वाटायचं, तेही उलगडलं: नॅस उठताना आपला पत्ता सगळ्या नेटवर्कला ओरडून सांगतो, त्यामुळे कॉम्प्युटर तेवढ्यापुरते त्याच्याकडे वळतात. आणि आर्टिकलची मुलं बाहेर ऑडिटला असली की आठवडा शांत जायचा, कारण तेव्हा ऑफिसात फोनच कमी!

राउटरमध्ये वाटपाची सुरुवात २ ऐवजी १०० पासून केली, म्हणजे २० आता कुठल्या फोनला मिळत नाही. खर्च शून्य. त्यानंतर हा एरर एकदाही आला नाही, ऑडिटच्या ऐन हंगामातही नाही.

दोन किरकोळ त्रास अजून झाले. पासवर्ड बदलल्यावर दोन कॉम्प्युटर 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणू लागले. विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली (साठवलेल्या पासवर्डच्या यादीतली) जुनी नोंद पुसून पुन्हा लॉगिन केल्यावर सुटलं. नवा लॅपटॉप विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीचा होता, तो बिनपासवर्डच्या गेस्ट शेअरला शिरेचना. ते बरंच झालं, त्या निमित्ताने प्रत्येकाचं वेगळं खातं उघडलं.

बाकी यंत्रावर मी खूश आहे. ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एका ताईंकडून एका मोठ्या क्लायंटची एक्सेल शीट चुकून ओव्हरराइट झाली होती, ती सकाळच्या स्नॅपशॉटमधून (नॅसने जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीतून) दोन मिनिटांत परत आली. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल वाटले. सोबत यूपीएस मात्र पहिल्याच दिवशी घ्या, आम्ही जुलैत घेतला. पुन्हा घ्यायची वेळ आली तर हाच घेईन, फक्त चार डिस्कचा.