सुट्टीत हाताला काय काम द्यावं: वही, वारली, टाय-डाय की मॅक्रमे?

परीक्षा संपल्या की आमच्या इंदिरानगरच्या घरी भाचरं राहायला येतात. थोरली सोळाची, मधला चौदाचा, धाकटी तेराची. सकाळी सायकल आणि संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी चक्कर, इथपर्यंत सगळं सुरळीत असतं. अडतं ते दुपारी. नाशिक थंड हवेचं म्हणून बाहेरगावचे लोक कितीही कौतुक करोत, एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि बारा ते पाच घराबाहेर पाय टाकवत नाही. ते पाच तास मोबाइलमध्ये जाऊ नयेत म्हणून गेल्या काही सुट्ट्यांत मी मुलांबरोबर चार कामं करून पाहिली. ओळखीच्या आया विचारतात, यातलं आमच्या मुलाला काय द्यावं? म्हणून जे दिसलं ते सविस्तर लिहिते.

आधी एक सांगते. या वयाच्या मुलांना आइस्क्रीमच्या काड्यांचं घर करायला बसवू नका. तेवढ्यापुरतं करतात, पण त्यांना ते लहान मुलांचं वाटतं आणि तसं वाटणं बरोबरच आहे. चौदाव्या वर्षी हातून खरी, वापरात येणारी वस्तू व्हावी असं वाटतं. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर ती वस्तू दप्तरात, अंगावर किंवा खिडकीत दिसणार असेल, तर मूल मधेच काम सोडत नाही. मी निवडताना सगळ्यात आधी हेच बघते. मोठ्या माणसाला किती वेळ शेजारी बसावं लागतं आणि पसारा किती होतो, हे त्यानंतर.

माझी पहिली पसंती हाताने शिवलेल्या वहीला आहे. सामान जवळपास सगळं घरातच असतं. वर्ष संपलं की प्रत्येकाच्या वह्यांत मागची पानं कोरी राहिलेली असतात. पिना उचकटून ती जोडपानं सोडवायची, चार-पाच जोडपानं एकात एक घालून मधोमध दुमडायची. असा एक गठ्ठा म्हणजे छापखान्यातल्या भाषेत एक फर्मा. सहा-सात फर्मे झाले की चांगली जाडजूड वही होते. घडीवर सारख्या अंतराने पाच खुणा करून दाभणाने भोकं पाडायची, जाड सुती दोरा मेणबत्तीवर ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही, आणि एकेक फर्मा शिवत जायचं. दोन्ही टोकांना पोचल्यावर खालच्या फर्म्याच्या टाक्यातून सुई काढून गाठ मारायची. ही गाठ विसरली तर फर्मे एकमेकांपासून सुटे हलत राहतात. मधल्याची पहिली वही तशीच झाली होती. त्याने ती स्वतः उसवली आणि पुन्हा शिवली.

पुठ्ठ्याचं काम मात्र नीट समजून करावं लागतं, आणि उन्हाळ्यात जास्तच. जुन्या खोक्याचा पुठ्ठा, वर खणाचं किंवा जुन्या साडीचं कापड, चिकटवायला मैद्याची खळ. मुलांनी कापड चिकटवून पुठ्ठा पंख्याखाली ठेवला आणि तासाभरात त्याची पन्हळ झाली. कारण साधं आहे: ओलं कापड वाळताना आखडतं आणि ज्या बाजूला चिकटलंय त्या बाजूला पुठ्ठा ओढतं. आतल्या बाजूनेही कागद चिकटवला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. मग दोन कोऱ्या कागदांत धरून वर पाट आणि त्यावर वरवंटा ठेवून रात्रभर हलवायचं नाही. खळीला कीड लागू नये म्हणून जुने बाइंडर तिच्यात मोरचूद घालत. ते विषारी आहे, घरी घालू नका. लागेल तेवढीच खळ ताजी शिजवा.

अख्ख्या वहीला तीन दुपारी लागतात. पैसे जवळजवळ शून्य. मोठ्यांनी दाभण वापरताना तेवढं लक्ष द्यायचं. आणि जमलं तर मुलांना एकदा नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात घेऊन जा. १८४० साली सुरू झालेली संस्था आहे. दोऱ्याने शिवलेली जुनी पुस्तकं पाठीकडून बघायला मिळाली, तर आपण नेमकं काय केलं ते मुलांना कुणी सांगावं लागत नाही.

वारली चित्रकलेबद्दल लोकांचा एक गैरसमज आहे. त्रिकोण, गोल, रेघा, म्हणजे सोपं. चित्रकला जमत नाही अशा मुलाला म्हणून वारली दिली जाते आणि ते मूल दोन दिवसांत कंटाळतं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस उभा करणं सोपं आहे, पण तो माणूस कमरेतून वाकवून भात लावताना दाखवायचा, तारपा हे फुंकवाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांची साखळी गोलाकार फिरवायची, यासाठी हात स्थिर लागतो आणि नजरही लागते. त्यामुळे आधीच चित्रं काढणाऱ्या मुलासाठी हे फार सुंदर काम आहे. थोरलीने अख्खा एक महिना यात काढला.

आपल्याच जिल्ह्यात पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर भागात वारली समाजाची वस्ती आहे. त्यामुळे मुलांना नुसतं डिझाइन म्हणून शिकवू नये. लग्नात चौक, म्हणजे भिंतीवरचं चौकोनी चित्र लिहायचं काम बायकांचं, त्यात पालघाट देवी, भिंतीवर गेरू किंवा लाल माती, पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा आणि डिंकाचा, ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला भिंतीवरून कागदावर आणली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. एवढं सांगून मग सुरुवात केली की मुलं नुसती नक्कल करत नाहीत. थोरलीने आमच्या गल्लीतला भाजीवाला, त्याची हातगाडी आणि मागे चाललेली कुत्री काढली.

घरी तांदळाचा रंग करून बघाच, पण टिकाऊ वस्तूवर पांढरा अ‍ॅक्रिलिक बरा. एकच सावधगिरी: पाण्याच्या माठावर अ‍ॅक्रिलिकने रंगवू नका. माठ गार राहतो तो त्याच्या अंगातून पाणी पाझरून उडून जातं म्हणून. रंगाने छिद्रं बुजली की माठ दिसतो छान, पाणी मात्र कोमट. त्यापेक्षा कुंडी किंवा कापडी पिशवी घ्या. रंग, ब्रश, पिशवी धरून दोनशे रुपयांत भागतं.

टाय-डाय, म्हणजे कापडाला गाठी बांधून ते रंगवणं, हे एकट्याचं काम नाही. चार-पाच मुलं जमणार असतील, मावस-चुलत भावंडं, सोसायटीतली मंडळी, तर हेच निवडा, त्या दिवशीचा आनंद दुसऱ्या कशात नाही. पण आमचा पहिला प्रयत्न फसला. मुलांनी शाळेचे जुने पांढरे शर्ट आणले होते. दिवसभर बांधाबांध केली, रंग ओतले, आणि धुतल्यावर हाती आला फिकट गुलाबी डाग. शर्ट टेरिकॉटचे, म्हणजे पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे होते, आणि हे रंग सुती धाग्याला धरतात, पॉलिएस्टरला नाही. म्हणून शंभर टक्के सुती कापडच हवं: जुनी ओढणी, गंजी, सुती कुर्ता.

दुसरी गल्लत सोड्याची होते. गार पाण्यात चालणाऱ्या रिअ‍ॅक्टिव्ह रंगांना धुण्याचा सोडा लागतो, खायचा नाही. लिटरभर पाण्यात ५० ते ६० ग्रॅम सोडा, त्यात कापड वीस मिनिटं, मग पिळून, गाठी बांधून रंग. त्यानंतर प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर ओलंच ठेवायचं. या कामाला ऊब मानवते, म्हणून उन्हाळा याचाच. सकाळी आधी गार पाण्याने, मग गरम पाण्याने, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. इथेच खरी अडचण आहे. मेमध्ये पाणी जपून वापरायचे दिवस आणि हे काम बादल्या मागतं. आम्ही ते पाणी शेवटी मोरी धुवायला वापरलं, झाडांना घातलं नाही. रंगाची पूड कालवताना मोठ्या माणसाने तोंडाला फडकं बांधून स्वतः कालवावी. हातमोजे सगळ्यांना, आणि त्या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाहीत.

मॅक्रमेबद्दल थोडक्यात. खिडकीच्या गजाला दोरी अडकवायची आणि गाठी मारत बसायचं. पसारा नाही, पाणी नाही, वीज गेली तरी चालतं. गप्प बसून गाणी ऐकत काम करणाऱ्या मुलांना हे फार आवडतं. धाकटीने कुंडी टांगायचा झोका दोन दुपारींत केला. दोरी ३ मिलिमीटरची सुती घ्या, मेन रोडच्या आसपास चौकशी केली की मिळते. सगळी चूक होते ती कापताना: तयार वस्तू १ मीटर हवी असेल तर प्रत्येक दोरी ८ मीटरची कापून मधोमध दुमडायची. कमी कापली की अर्ध्यात संपते आणि जोड दिसतो. चौकोनी गाठ एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून घालायची असते. एकाच बाजूने घालत गेलं की पट्टी पीळ खाते, आणि तो पीळही सुरेख दिसतो. या चारांत दोरीला सगळ्यात जास्त पैसे लागतात.

तर एकटंच मूल असेल, तुम्ही दोघंही दिवसभर कामावर असाल आणि खर्च नको असेल, तर वही; दाभणाचं काम तेवढं तुम्ही घरी असताना. हात चित्राकडे वळणारा असेल तर वारली. घरात भावंडांचा गोतावळा जमणार असेल तर एक रविवार टाय-डायसाठी राखून ठेवा, पण घरी कुणी मोठं असेल तेव्हाच. शांत मुलाला दोरी आणून द्या. दोन कामांत अडकलात, तर मुलाच्या मागच्या वर्षीच्या वह्या काढा आणि कोरी पानं मोजा. आमच्याकडे तिघांची मिळून दोनशेच्या वर निघाली होती, आणि मधला अजूनही गणिताचं कच्चं काम त्याच दोनदा शिवलेल्या वहीत करतो.